भाडोत्री बंदूक आणि राज्याची जबाबदारी

भाडोत्री शिपाई स्वस्त पडतो, असे त्याचे कैवारी सांगतात. स्वस्त पडते ती जबाबदारी! अमेरिकी वकिलातीच्या रक्षणासाठी नेमलेल्या ‘ब्लॅकवॉटर’ कंपनीच्या माणसांनी १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात १७ इराकी नागरिक ठार केले. इराकच्या न्यायालयास त्यांना हात लावता येईना. कारण परक्या कंत्राटदारांना तेथील कायद्यातून २००४ च्या हुकुमाने सूट मिळालेली होती. अमेरिकी न्यायालयाने २०१४ साली चौघांना दोषी ठरविले. २०२० साली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. सैनिकाच्या गोळीचा जाब सरकारला संसदेत विचारता येतो. कंत्राटी गोळीचा जाब कोणास विचारावा? कंत्राट रस्त्याचे द्यावे, पुलाचे द्यावे. मनुष्यवधाचा अधिकार राज्यसंस्थेने कोणाच्याही हवाली करता कामा नये.