आंबागडची विहीर आणि मामा तलाव

परवा तुमसर येथील एका व्याख्यानात वक्त्यांनी इटालियन समाजशास्त्रज्ञ पारेतोचा दाखला देऊन असे प्रतिपादन केले की, सत्ता सर्वकाळ मूठभरांच्याच हाती असते, ते मूठभर तेवढे पालटतात, सबब सामान्यांनी तिची उठाठेव करू नये. यातील पूर्वार्ध मला मान्य आहे. उत्तरार्धाने मी अस्वस्थ झालो.

पूर्वार्धाची साक्ष तुमसरजवळचा आंबागड किल्लाच देतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा सुभेदार राजाखान पठाण याने १७०० च्या सुमारास बांधलेला हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे आला, तेव्हा त्यांनी तेथे तुरुंग केला आणि ते कैद्यांना आतल्या विहिरीचे विषारी पाणी पाजून मारीत, अशी नोंद आहे. पुढे इंग्रजांचा अंमल बसला. त्या विहिरीपाशी उभे राहिले की पारेतो खरा वाटू लागतो.

परंतु गड उतरून धानाच्या बांध्यांकडे वळावे, म्हणजे मामा तलाव, म्हणजेच माजी मालगुजारी तलाव, भेटतो. मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, वसूल घेई, वेठही घेई, आणि त्याची भलावण मी या स्तंभात कधी केली नाही, करणारही नाही. तथापि त्याचे स्वतःचे धान त्याच पाण्यावर पिकत असल्यामुळे पाळ फुटली तर ती बांधण्याची निकड त्याला होती. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली, ते योग्यच झाले; मात्र तलाव सरकारदप्तरी गेले, शंभर हेक्टरांपर्यंतचे आज जिल्हा परिषदेकडे आहेत, आणि तुडुम (पाणी सोडण्याचे दार) केव्हा उघडावे, गाळ किती काढला, याचा कागद ज्याच्या स्वाधीन तोच आजचा मालगुजार, असे माझे ठाम मत आहे. गडावर धनी बदलल्याने गावाच्या पाण्यात फरक पडत नव्हता. तलावावर धनी बदलला की तो पडतो, कारण येथे पाळीवर माती टाकणारे हात गावाचेच असतात.

सत्ता मूठभरांकडे का राहते, याचे कारण पारेतोचाच समकालीन विचारवंत मोस्का याने नेमके सांगितले आहे: अल्पसंख्य संघटित असतात, बहुसंख्य विखुरलेले. म्हणजे उणीव संख्येची नाही, एकजुटीची आहे, आणि ती भरून काढणे आपल्या हाती आहे. त्यासाठी तलावाचे दप्तर चारचौघांत वाचले गेले पाहिजे, हे माझे जुनेच मागणे. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आपल्या तलावाचा कागद मोठ्याने वाचून दाखवण्याची मागणी करा, आणि तो वाचून होईपर्यंत उठू नका.