आधी नकाशा जोडा, मग जुनं मोडा

साखर कारखान्याची ऊस नोंदणी आजही फॉक्सप्रोवर चालते, हे ऐकून पुण्यातले मित्र हसतात. मी हसत नाही. असले जुने प्रोग्रॅम सांभाळणं हाच माझा धंदा आहे. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची, नववी आवृत्ती २००४ मध्ये काढली, पुढची येणार नाही हे २००७ मध्ये जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही काढून घेतला. तरी हंगामात तोडणीची चिठ्ठी त्याच प्रोग्रॅममधून निघते. सभासद क्रमांक, गाव, गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख, आडसाली की खोडवा, सगळं त्यात आहे. नाही ती एकच गोष्ट: हा ऊस शिवारात नेमका कुठे उभा आहे.

ती उणीव दाखवून आता संचालकांना नवं सॉफ्टवेअर विकलं जातं. पडद्यावर हिरवे-पिवळे ठिपके चमकतात, चेअरमनसाहेब खूश होतात आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला प्रोग्रॅम भंगारात काढायचं ठरतं. माझा विरोध नकाशाला नाही, या क्रमाला आहे. नकाशासाठी जुना प्रोग्रॅम मोडावा लागत नाही.

फॉक्सप्रोच्या फॉर्ममध्ये ब्राउझरची चौकट बसवता येते. त्या चौकटीत नकाशा दाखवायला लीफलेट नावाचं फुकट साधन आहे. कीव्हच्या व्लादिमीर आगाफोन्किन यांनी ते २०११ मध्ये खुलं केलं. खालचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा घेता येतो, श्रेय तेवढं कोपऱ्यात छापायचं. त्यांचा सर्व्हर मात्र देणग्यांवर चालतो, तेव्हा रोजच्या वापरासाठी नकाशाची चित्रं दुसऱ्या सेवेकडून घ्यावीत किंवा आपल्या मशिनवर तयार करावीत. ठिपक्यावर क्लिक केलं की कारकुनाच्या सवयीचा जुनाच फॉर्म उघडतो. एक पथ्य पाळायचं: फॉक्सप्रोसोबत सहज मिळणारी चौकट इंटरनेट एक्सप्लोररची आहे आणि तो ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. म्हणून थोडी जास्त खटपट करून नवी, एजच्या इंजिनावरची चौकट बसवावी.

खरी मेहनत पुढे आहे आणि विकणारा तिच्याबद्दल बोलत नाही. फॉक्सप्रोला युनिकोड कळत नाही. त्यामुळे बहुतेक ठिकाणी सभासदांची मराठी नावं जुन्या फॉन्टच्या संकेतांत साठवलेली असतात. ती थेट नकाशावर पाठवली की ‘पाटील’ऐवजी चिन्हांची खिचडी दिसते, आधी प्रत्येक अक्षराचं रूपांतर करावं लागतं. गावाच्या नावावरून जागा शोधायला जावं, तर वडगाव आणि पिंपळगाव जिल्ह्याजिल्ह्यांत सापडतात. अक्षांश-रेखांशांचा क्रमही सगळीकडे सारखा नाही: लीफलेट अक्षांश आधी मागतं, जिओजेसन नावाच्या फाइलीत रेखांश आधी असतो. उलटसुलट झालं की कोल्हापूरचा ऊस नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या समुद्रात उगवतो.

पण ठिपका आणायचा कुठून? चिटबॉयकडून. कारखान्याचा हा माणूस उसाची नोंद घ्यायला बांधावर जातोच. तिथे उभं राहून मोबाइलवर जागा टिपायची आणि प्लॉट नंबरासोबत वेगळ्या टेबलात ठेवायची. मूळ टेबलाला हातही लावायचा नाही. उघड्या आभाळाखाली मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो. ट्रॉली पाठवायला एवढं पुष्कळ झालं. मात्र एक गुंठा म्हणजे जेमतेम दहा मीटर बाय दहा मीटर. त्यात पाच मीटर इकडेतिकडे म्हणजे बांधावरचं भांडण. म्हणून एका प्लॉटला एकच ठिपका हवा, हद्दीची रेघ नको. हद्द ठरवणं हे भूमी अभिलेखच्या मोजणीचं काम आहे, कारखान्याचं नाही.

पडद्यावर दोन प्लॉटमधलं अंतर हातभर दिसतं. त्यावर एक चिटबॉय मला म्हणाला होता, “साहेब, मधी वढा हाय. पावसात ट्रॅक्टर जात न्हाई, वळसा घालूनच यावं लागतंय.” हे ज्ञान कुठल्याही कंपनीच्या नकाशात नाही. पाणंद कुठे आहे, ती कधी बंद होते, हे त्याच्याकडूनच भरून घ्यावं लागेल. ओपनस्ट्रीटमॅपवर पाणंद आपल्याला स्वतः काढता येते, हा त्याचा मोठा फायदा.

याचा उपयोग शेतकऱ्याला थेट होतो, कारण तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी उसाच्या बिलातूनच वजा होतो. लगतचे पक्व प्लॉट एकत्र दिसले, तर टोळीची धावपळ आणि ट्रॉलीचे हेलपाटे कमी होतात. तोडल्यावर पडून राहिलेल्या उसाचं वजन घटतं, साखर उतरते, तेही टळतं. आणखी एक गोष्ट घडते. लागणीच्या तारखेनुसार रंगवलेल्या नकाशात पाळी सोडून मध्येच तुटलेला प्लॉट लगेच डोळ्यात भरतो. तो कोणाचा, हे गावाला सांगावं लागत नाही. काही कार्यालयांना नकाशा फक्त सादरीकरणापुरता का हवा असतो, याचं उत्तर मला इथे दिसतं.

फॉक्सप्रो अमर आहे, असं मी म्हणणार नाही. टेबलाची फाइल दोन जीबीच्या पुढे जात नाही, वीज गेली की इंडेक्स बिघडतो आणि हा प्रोग्रॅम जाणणारे आम्ही दरवर्षी कमी होतोय. तो बदलावाच लागेल. पण नकाशा जोडताना नावं युनिकोडमध्ये येतात, दुबार नोंदी उघड्या पडतात, प्रत्येक प्लॉटला ठिकाण मिळतं. एवढं झालं की नव्या सॉफ्टवेअरचं निम्मं काम झालेलं असतं. घाणेरडा डेटा क्लाउडवर चढवला, तर तो तिथेही घाणेरडाच राहतो, फक्त त्याचं भाडं सुरू होतं.

संचालकांना माझं सांगणं एवढंच: नव्या सॉफ्टवेअरच्या निविदेवर सही करण्याआधी कारखान्याच्या एका गटात जुन्याच प्रोग्रॅमवर एक हंगाम नकाशा चालवून बघा. चिटबॉयला चांगला मोबाइल द्या, प्रत्येक ठिपक्यामागे भत्ता द्या. आणि करार कोणाशीही करा, पण शेतकऱ्यांच्या प्लॉटचे अक्षांश-रेखांश कारखान्याच्या मालकीचे राहतील आणि मागताच साध्या फाइलीत परत मिळतील, हे कलम त्यात लिहून घ्या. ते नसेल तर सही करू नका.