पाच कोटींची थैली आणि पलटणची पत

परभणी : प्रो कबड्डी लीगच्या बारा संघांत मराठवाड्याचा एकही संघ नाही. त्यामुळे परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडकडच्या कबड्डीप्रेमींची निष्ठा पुणेरी पलटण आणि यू मुंबा या दोन संघांतच वाटली गेली आहे. गावोगावच्या यात्रांतील सामने पाहत वाढलेल्या या प्रेक्षकाला चढाई आणि पकड शिकवावी लागत नाही. वाद होतो तो पैशांवरून. लिलाव आटोपला, की ‘आपल्या संघाने मोठा खेळाडू का घेतला नाही’ हा पहिला प्रश्न, आणि ‘पुणेवाले हात आखडता घेतात’ हा त्यावरचा ठरलेला निकाल.

हा निकाल कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी आधी थैलीचा हिशेब समजून घ्यावा लागेल. २०१४ मधील पहिल्या लिलावात राकेश कुमार १२ लाख ८० हजार रुपयांना गेला आणि तोच सर्वांत महागडा ठरला होता. २०२३ पासून प्रत्येक संघाला खेळाडूंवरील खर्चासाठी ५ कोटींची मर्यादा घालून देण्यात आली. संघमालक कितीही धनाढ्य असो, कायम ठेवलेल्या खेळाडूंची रक्कम याच थैलीतून वजा होते आणि त्यातच किमान अठरा जणांचा संघ उभा करायचा असतो. म्हणजे एकाच्या ताटात जास्त वाढले, की दुसऱ्याच्या ताटात कमी पडणारच.

तेलुगू टायटन्सने २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. अर्ध्याहून अधिक थैली एका चढाईपटूवर रिकामी झाली. ढोबळ हिशेबाने उरलेल्या सतरा जणांच्या वाट्याला सरासरी १४ लाखच येत होते. त्या हंगामात टायटन्सने बावीसपैकी दोनच सामने जिंकले आणि संघ तळाला गेला. त्याआधीच्या हंगामातील उदाहरण तर अधिकच बोलके आहे. तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलेला हाच पवन पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. तरीही त्याच्याविना संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. तेथे पुणेरी पलटणने त्यांना ३९-३७ असे हरविले.

मात्र ‘पलटण कंजूस आहे’ हा आरोप नोंदींवर टिकत नाही. २०२२ मध्ये पुण्याने इराणच्या फझल अत्राचलीसाठी १ कोटी ३८ लाख आणि मोहम्मद नबीबक्षसाठी ८७ लाख रुपये दिले. संघ अंतिम फेरीत जयपूरकडून २९-३३ असा हरला. पुढच्याच वर्षी फझलला सोडून मोहम्मदरेझा शादलुईवर २ कोटी ३५ लाख खर्च केले. थैलीचा जवळपास निम्मा भाग एका बचावपटूवर! साखळीत १७ विजय, ३ बरोबरी आणि अवघे २ पराभव अशी कामगिरी करून १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवीत पुण्याने पहिले विजेतेपद मिळविले.

टायटन्सला जे जमले नाही ते पुण्याला जमले, याचे कारण उरलेल्या संघात आहे. कर्णधार अस्लम इनामदार आणि चढाईपटू मोहित गोयत या दोघांनाही पुण्याने नवोदित म्हणून घेतले होते. या गटातील तरुण लिलावात उतरत नाहीत. ठराविक मानधनावर त्यांच्याशी थेट करार होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळीभानचा अस्लम आणि नाशिकचा आकाश शिंदे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. घरी घडविलेली अशी फळी स्वस्तात हाताशी होती म्हणूनच शादलुईवर एवढी रक्कम टाकणे परवडले.

विजेतेपदानंतर पुण्याने शादलुईला सोडले आणि येथेच चाहत्यांत दोन तट पडले. २ कोटी ७ लाखांना हरियाणाने त्याला घेतले आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पाटण्याला ३२-२३ असे हरवून पहिले विजेतेपदही मिळविले. तो अंतिम सामना झाला पुण्यातच, बालेवाडीत! अस्लम दुखापतग्रस्त असल्याने पलटण त्या हंगामात बाद फेरीही गाठू शकली नव्हती. पलटणच्या चाहत्याला याहून अधिक झोंबणारे काय असणार? परंतु २०२५ मध्ये २ कोटी २३ लाखांचा शादलुई असूनही गुजरात मागे पडला, तर पुणे पुन्हा साखळीत अव्वल राहिले आणि ३१ ऑक्टोबर रोजी दिल्लीत दबंग दिल्लीकडून अवघ्या तीन गुणांनी, २८-३१ असे हरले. या दोन हंगामांवरून एवढे म्हणता येईल, की मोठी बोली पाया असलेल्या संघालाच फळते.

तथापि या काटकसरीचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न चर्चेत क्वचितच येतो. खर्चाची मर्यादा संघमालकांना सांभाळते. क गटातील खेळाडूची मूळ किंमत १३ लाख, तर ड गटाची ९ लाख. नवोदिताला बोलीच लागत नाही. त्याने हंगाम गाजविला तरी करार संपेपर्यंत बाजारभाव मिळत नाही. पलटणची पत वाढली ती बऱ्याच अंशी अशा मुलांच्या जोरावर. परभणीतील एखाद्या मुलाने जिल्हा संघातून राज्य अजिंक्यपद स्पर्धा गाठली, तरी पालकांची नजर लिलावापेक्षा शासकीय नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षणावर अधिक असते, ती यामुळेच. गुडघा एकदा गेला की मानधन थांबते. नोकरी मात्र राहते.

यू मुंबाच्या चाहत्यांना याची दुसरी बाजू ठाऊक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना मुंबईकडे आला आणि पहिल्याच हंगामात त्याने दोनशेहून अधिक गुण मिळविले. पुढच्या लिलावात टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेले. ‘मराठी खेळाडू हातचा घालविला’ अशी मुंबईवर टीका झाली. टायटन्स त्या हंगामात अकराव्या स्थानी राहिले, हे खरे. पण सिद्धार्थचे मोल एका वर्षात चौपट झाले, ते मुंबई सोडल्यामुळेच.