शटर जड झालं तर जोर लावू नका

धामणगावच्या बाजारपेठेत कितीतरी घरांचा पुढचा भाग म्हणजे दुकान. कुठे गोदाम, कुठे ट्रॅक्टर उभा करायची जागा. अलीकडे नव्या बांधकामात चारचाकीसाठीही खाली शटर लावतात. दाराची कडी मोडली तर आपण दुसऱ्या दिवशी सुतार बोलावतो. शटरचं मात्र वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. ते उघडतं, बंद होतं, बस.

मग एक दिवस ते जड लागायला लागतं. आपण पोराला हाक मारतो, ‘ये रे, जरा हात लाव.’ दोघं मिळून ढकलतो, शटर वर जातं, आपण गल्ल्यावर बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझं सांगणं इथंच आहे. शटर जड झालं की जोर वाढवू नका. ते जड का झालं ते बघा.

दहा बाय दहा फुटांचं 18 गेजचं लोखंडी शटर शंभर किलोच्या वर जातं. एवढं वजन तुम्ही रोज सकाळी एकट्याने उचलता, ते तुमच्या दंडाच्या बळावर नव्हे. वर पत्र्याच्या डब्यात एक आडवा पाइप असतो. त्या पाइपावर पोलादी पट्टीच्या गुंडाळलेल्या स्प्रिंगा बसवलेल्या असतात. शटर खाली ओढलं की भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला चावी द्यावी तसा त्यांना पीळ बसतो. शटर वर ढकललं की तोच पीळ उलगडतो आणि वजन उचलतो. तुम्ही फक्त दिशा देता.

म्हणजे शटर जड झालं तर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर बाजूच्या चॅनलमध्ये काहीतरी अडतंय, नाही तर वरच्या स्प्रिंगचा दम गेलाय. पहिली गोष्ट तुम्ही घरी सुधारू शकता. दुसरीला हातही लावू नका.

कोणती आहे ते ओळखणं सोपं आहे. शटर कमरेइतकं उचला आणि हात सैल करा. सैल म्हणजे सैल, काढून घेऊ नका. पाय शटरखाली ठेवू नका, आणि जवळ लहान पोर असेल तर आधी त्याला आत पाठवा. स्प्रिंग ठीक असेल तर शटर तिथेच थांबतं किंवा हळूच सरकतं. धाडकन खाली यायला लागलं तर स्प्रिंग गेली. आपोआप वर पळालं तर पीळ जास्त झालाय, आणि तेही चांगलं नाही. थांबलं, पण वर-खाली करताना घासल्याचा, खरखरीचा आवाज आला, तर चॅनल साफ करायचं आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात लोक म्हणतात, ‘उन्हानं शटर फुगलं.’ खरं तर दहा फुटांची लोखंडी पट्टी तीस अंशांनी तापली तर जेमतेम एक मिलिमीटर वाढते. तेवढ्याने शटर अडत नाही. अडतं ते चॅनलमध्ये बसलेल्या मातीने. मे महिन्यात रस्त्यावरची धूळ उडते, जुनं ग्रीस वाळून घट्ट होतं, आणि दोन्ही मिळून चॅनलच्या आत एक थर बसतो. वर पावसाळा आला की त्या थरात ओल धरते आणि गंज सुरू होतो. म्हणून साफसफाई मृगाच्या आधी करा. पाणी पडल्यावर नव्हे.

धामणगावात आणखी एक भानगड आहे, ती कापसाची. हंगामात कापसाच्या गाड्या येतात, जिनिंगचं काम चालतं, आणि हलकी रुई हवेत तरंगत राहते. चॅनलला घट्ट ग्रीस चोपडलेलं असेल तर ती रुई त्यावर चिकटते. आठवडाभर ती शटरसोबत वर-खाली घासली की तिचा बोळा होतो. बोळ्याने शटर एका बाजूला अडकतं आणि तिरपं चढतं. म्हणून दुसरी सफाई दसऱ्याला करा. त्या दिवशी दुकान तर आपण पुसतोच.

काम पंधरा मिनिटांचं आहे. शटर पूर्ण वर करा. दात घासायचा जुना ब्रश घ्या आणि दोन्ही बाजूंची चॅनल वरून खाली घासून काढा. तळाशी माती, खडे, विडीची थोटकं, चॉकलेटचे कागद साचलेले असतात, ते तारेने उकरून काढा. मग कोरड्या फडक्याने पुसा. शेवटी शिवणयंत्राला घालतो ते पातळ तेल फडक्यावर घेऊन आतून एक हात फिरवा. मेणबत्ती घासली तरी चालते, तिच्यावर धूळ कमी बसते. गाडीचं जळकं ऑइल लावू नका. फुकट मिळतं म्हणून सगळे लावतात, पण त्यानेच धूळ आणि रुई सगळ्यात जास्त धरली जाते. वर कपड्यांचं दुकान असेल तर गिऱ्हाइकाच्या साडीला डाग पडतो तो वेगळाच.

दसऱ्याचा विषय निघालाच आहे तर तोरणाचंही सांगतो. झेंडूचं तोरण शटरच्या वरच्या पट्टीला बांधू नका, चौकटीला बांधा. दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं की सुतळी पाइपाला गुंडाळली जाते. फुलं कुजतात, सुतळी राहते. मिस्तरी डबा उघडतो तेव्हा आतून दोन-तीन वर्षांची तोरणं निघतात. फ्लेक्सच्या दोऱ्यांचंही तसंच.

आता रोजच्या सवयींकडे बघा. पट्ट्यांच्या खाचेत बोटं घालून शटर ओढू नका, कारण पट्ट्या एकमेकींत मिटतात आणि बोट मध्ये सापडतं. खालच्या पट्टीला दोन कड्या नसतील तर वेल्डिंगवाल्याकडून लावून घ्या. वर हात पोचत नसेल तर आकडा वापरा, उडी मारून लटकू नका. पायाने दाबून शटर आपटायची सवय तर धामणगावात घरोघरी आहे. त्या आपटण्याने खालची पट्टी वाकते, मग कुलपाची भोकं जुळत नाहीत, आणि आपण कुलूपवाल्याला शिव्या देतो. पोट्टे शटरला लोंबकळून झोका खेळतात, तेव्हा हसू नका. त्यांना खाली उतरवा.

आता मिस्तरीला कधी बोलवायचं ते ऐका.

वरून ‘कडाक’ असा आवाज आला आणि शटर एकदम जड झालं, तर स्प्रिंग तुटली. शटर बंद असेल तर बंदच राहू द्या. उघडं असेल तर खाली ओढू नका. दोन्ही बाजूंना खालच्या पट्टीखाली मजबूत लाकडी बल्ली उभी करा आणि त्याखालून जाणं-येणं बंद करा. ‘एवढ्यात बंद करून घेऊ’ म्हणाल तर शंभर किलो तुमच्या हातातून सुटेल. मिस्तरी रात्री येणार नसेल तर घरातलं कोणी तरी आत झोपा, किंवा दत्तापूर पोलीस ठाण्यात सांगून ठेवा.

शटर तिरपं चढत असेल, एखादी पट्टी चॅनलबाहेर निघाली असेल, चॅनलला हातगाडीची किंवा ट्रॉलीची धडक बसून ते वाकलं असेल, तर हातोड्याने ठोकत बसू नका. ठोकून ते सरळ दिसतं, पण पट्टी आत रुतत राहते. वरच्या पाइपाचे ब्रॅकेट भिंतीतून हलत असतील, भिंतीवरून प्लास्टर गळत असेल, तर त्याच दिवशी फोन करा. अख्खं शटर त्या दोन ब्रॅकेटांवर लटकलेलं असतं.

आणि तो वरचा डबा तुम्ही स्वतः उघडू नका. स्प्रिंगचा बोल्ट सैल केला की सगळा पीळ एका क्षणात सुटतो आणि पाइप गर्रकन फिरतो. हातात पाना असेल तर पाना उडतो, बोट असेल तर बोट जातं. व्हिडिओ पाहून हे करू नका. शिवाय डब्यात गांधीलमाश्यांचं पोळं असतं, ते निराळंच.

पावसाळ्यातली एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. शटर लोखंडी आहे. पाटीच्या लाइटची वायर किंवा खांबावरून आलेली सर्व्हिस वायर कुठे सोलली गेली आणि शटरला टेकली, तर अख्ख्या शटरमध्ये करंट उतरतो. सकाळी ओल्या पायांनी आपण त्यालाच हात लावतो. हाताला जराशी झिणझिणी आली तरी ‘चालतं’ म्हणू नका. मागे सरका, मेन स्विच बंद करा, वायरमनला बोलवा. वायर खांबावरची असेल तर महावितरणला 1912 वर कळवा. कोणी चिकटलं असेल तर त्याला हाताने ओढू नका. आधी वीज तोडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने बाजूला करा, आणि 108 ला फोन लावा.

मोटारीचं शटर ज्यांनी लावलं त्यांनी एवढंच करावं. लाइट गेल्यावर ते हाताच्या साखळीने कसं उघडायचं, ते घरातल्या प्रत्येकाने एकदा करून बघावं. बाईनेही, म्हाताऱ्यानेही. गाळ्याला एकच शटर असेल आणि मागे दार नसेल, तर आग लागल्यावर तीच साखळी कामी येते. मोटार घरघरते पण शटर हलत नाही, किंवा खाली टेकल्यावरही मोटार थांबत नाही, तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. मेन बंद करा आणि ज्याने बसवलं त्याला बोलवा.

कुलपाबद्दल थोडक्यात. चोर नेहमी कुलूपच फोडतो असं नाही, तो टॉमी घालून शटर मधोमध वाकवतोही. दोन्ही टोकांना कुलूप असून मध्ये काही नसेल तर त्याचं काम सोपं होतं. मध्ये सेंटर लॉक बसवा. खालची पट्टी आधीच वाकलेली असेल तर ती आधी बदला.

मिस्तरीला फोन करताना ‘शटर खराब झालं’ एवढंच सांगू नका. किती फूट रुंद, किती उंच, हाताचं की मोटारीचं, बंद आहे की उघडं अडकलंय, आवाज आला होता का, ते सांगा. त्याला अमरावतीहून किंवा पुलगावहून यायचं असेल तर तो बरोबर मापाची स्प्रिंग घेऊन येईल. नाही तर आज बघायला, उद्या बसवायला, अशा दोन खेपांचे पैसे तुम्ही द्याल. मजुरी आणि सामान वेगळं विचारा, आधी विचारा.

आल्यावर त्याने चॅनल न बघता नुसता स्प्रिंगचा पीळ वाढवून दिला तर त्याला थांबवा. वाढवलेल्या पिळाने शटर आज हलकं होईल, पण दमलेली स्प्रिंग लवकर तुटेल. तुटलेली स्प्रिंग काढली की ती मागून घ्या आणि बघा. मोठ्या शटरला दोन-तीन स्प्रिंगा असतात. एक तुटली आणि बाकीच्याही तितक्याच जुन्या असतील तर सगळ्या एकदम बदलणं परवडतं. तो वर काम करत असताना शिडी धरायला पोराला उभं करू नका. त्याने स्वतःचा माणूस आणावा.

वेल्डिंग करायचं असेल तर आत काय ठेवलंय ते आधी बघा. कापूस, पोती, रद्दी, कपडे, डिझेलचा डबा, सगळं आधी मागे हलवा. पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा. वेल्डिंगची ठिणगी कापसात पडली की लगेच दिसत नाही, ती आत धुमसत राहते. म्हणून काम झाल्यावर लगेच शटर लावून घरी जेवायला जाऊ नका. तासभर तिथेच बसा, चहा मागवा, आणि मिस्तरीलाही पाजा.