दम धर!

'दम' हा शब्द मराठी घरात दिवसातून दहा वेळा तरी उच्चारला जातो. मुलाने घाई केली की आपण 'जरा दम धर' म्हणतो. ऐकले नाही की त्यास 'दम देतो'. आणि जिना चढून आलो की आपणांसच 'दम लागतो'. हा दम फारसीतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ श्वास. परंतु संस्कृतातही एक दम आहे. तो 'दम्' ह्या धातूपासून झाला असून त्याचा अर्थ आवरणे, वश करणे असा आहे. ज्याला अद्याप औताचे वळण लागावयाचे आहे अशा जवान खोंडाला संस्कृतात 'दम्य' म्हणतात, व ज्याने आपली इंद्रिये आवरली तो 'दान्त'. शब्दांची ही उजळणी एका मोटारसायकलीने करविली, असे सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल. परंतु गोष्ट खरी आहे.

आमच्या थोरल्या बंधूंच्या चिरंजिवांनी नुकतीच बजाज कंपनीची 'डोमिनार ४००' घरी आणली. नाव स्पॅनिश, त्या भाषेत ह्या क्रियापदाचा अर्थ सत्ता चालविणे, काबूत ठेवणे. त्याच्या मुळाशी लॅटिन 'डोमिनुस' म्हणजे घरधनी, व त्याच्याही मुळाशी 'डोमुस' म्हणजे घर. वेदातील गृहवाचक 'दम' व आपला 'दंपती' हे ह्याच कुळातले. इतके घरंदाज नाव असूनही वाहनाने पाऊल ठेवताच घरात कलह माजला. वहिनींनी अन्नावरून मन काढले. त्या मला म्हणाल्या, ''भाऊजी, तो तुमचे ऐकतो. ही गाडी परत करावयास सांगा.''

वहिनींचे भय निराधार होते असे म्हणता येणार नाही. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, व त्यांतील शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. तथापि वस्तू न पाहता निकाल देणे हे शिक्षकाच्या धर्मात बसत नाही. मी आयुष्यभर चेतक स्कूटर चालविली आहे व परवानाही चालू आहे. म्हणून 'आधी स्वतः चालवून पाहतो, मग बोलतो' एवढेच मी वहिनींना सांगितले.

ह्या जातीच्या वाहनास 'स्पोर्ट टूरर' म्हणतात. शर्यतीच्या गाडीची चपळाई व लांबच्या प्रवासाची सोय एकाच ठिकाणी आणावयाची, हा तिचा हेतू. दोहोंचा मेळ घालणे सोपे नाही. शर्यतीचा स्वार पुढे ओणवा होतो, तर प्रवाशाची पाठ ताठ हवी. शिवाय वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरला जो असेल त्याच्या चौपट तो ८० ला होतो. १९७६ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने 'आर १०० आरएस' ही गाडी काढली. हान्स मूट ह्यांनी आखलेले तिचे वायुरोधक कवच इटलीतील पिनिनफारिना ह्यांच्या वातबोगद्यात पारखून घेतलेले होते, आणि ह्या जातीच्या प्रसिद्धीस तेथून मोठाच हातभार लागला. आमच्या घरची गाडी त्या मानाने साधी. कवचाच्या जागी तिला समोर केवळ एक उंच पारदर्शक पडदा आहे.

डोमिनार डिसेंबर २०१६ मध्ये बाजारात आली व पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात तयार होऊ लागली. इंजिन ३७३ घनसेंटिमीटरचे, एका दट्ट्याचे व पाण्याने थंड होणारे. आरंभी त्याची शक्ती ३५ अश्वांची होती, ती २०१९ पासून ४० झाली. पुतण्याची गाडी जुलै २०२५ मधील सुधारलेल्या आवृत्तीची आहे. त्या वेळी तिची किंमत सुमारे २ लाख ३९ हजार रुपये होती.

भल्या पहाटे आम्ही काका-पुतणे पुण्याहून निघालो. अंगणात गाडी वळविताना तिचे वजन मनगटांना चांगलेच जाणवले. परंतु चाके फिरू लागताच ते कोठे गेले हे समजेना. चेतकचे गिअर डाव्या मुठीत असत. येथे सहा गिअर डाव्या पायाखाली. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत पायाला तेही वळण लागले. गाडी नवी असल्यामुळे पहिली तपासणी होईपर्यंत इंजिनास फार ताणावयाचे नाही, असा निर्बंध होता. नव्या यंत्राचे भाग एकमेकांशी घासून जुळावयास अवधी लागतो. नव्या माणसांचेही तसेच असते.

वाईच्या पुढे पसरणीचा घाट लागला आणि ह्या यंत्राचे खरे मर्म तेथे कळले. त्याची निम्मी विद्या धावण्याची नसून आवरण्याची आहे! ब्रेक जोराने दाबला तर चाक जागीच अडून घसरू नये म्हणून 'एबीएस' नावाची योजना दाब क्षणोक्षणी सोडते व पुन्हा धरते. वेगात असता गिअर एकदम खाली टाकला तर मागल्या चाकास हिसका बसतो. तो बसू नये म्हणून क्लच आपण होऊन किंचित निसटतो. गाडीस चार वृत्तीही दिल्या आहेत. त्यांतील पावसाची निवडली की मूठ कितीही पिळा, शक्ती बेताबेतानेच येते. चाळीस अश्व जोडून देणाऱ्यांनी लगामाची एवढी काळजी घेतली हे पाहून मला संतोष वाटला. परंतु रथ व अश्व कितीही चांगले असले तरी बुद्धी हाच सारथी, हे कठोपनिषदातील रूपक यंत्राला लागू नाही असे कोण म्हणेल? एबीएस चाकाचे घसरणे टाळते. वळणापूर्वी वेग कमी करण्याची बुद्धी देत नाही. 'दम्य' तो खोंड गाडी नव्हे, स्वार होय.

म्हणून परत आल्यावर मी वहिनींना सांगितले की, गाडी राहू द्यावी, पण अटींवर. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, व त्याचा पट्टा बांधलेला. दीड तासाने विश्रांती. रात्री महामार्ग नाही. पावसाच्या पहिल्या सरीला, रस्ता निसरडा असताना, आडोशाला थांबणे. पुतण्याने चारही अटी मान्य केल्या. वहिनींनी पाचवी घातली, ''पोचल्याचा फोन तर करायचाच, पण निघतानाही करायचा.'' तीही मान्य झाली. मनाविरुद्ध का होईना, वहिनींनी चाकांखाली लिंबू ठेवले.

बंदी घातली असती तर गाडी कदाचित गेलीही असती. परंतु मग तो मित्राची गाडी आमच्या नकळत चालविता, आणि त्या प्रवासाला एकही अट नसती. ज्या घरी असे वाहन येऊ घातले असेल तेथील वडील मंडळींना माझी एवढीच विनंती आहे: 'हो' किंवा 'नाही' म्हणण्यापूर्वी हेल्मेट घालून एकदा मुलाच्या मागे बसून घाटापर्यंत जाऊन यावे. त्याचा हात कितपत आवरता आहे हे तेथे डोळ्यांनी दिसते. आणि 'दम धर' हे शब्द वेळेवर त्याच्या कानाशी उच्चारताही येतात.