कच्चं किती, शिजलेलं किती?

मुलामुलींनो,

या खेपेला आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, ‘बाई, सुट्टीतल्या शिबिरात ऐकलं की शिजवलं की अन्न मरतं. तेव्हापासून दोन महिने मी फक्त फळं, कच्च्या भाज्या आणि भिजवलेले दाणे खाते. दूध-दहीसुद्धा सोडलं. आधी हलकं हलकं वाटलं. आता कबड्डी खेळताना लगेच दम लागतो. आई ताट वाढून बसते, मी उठून जाते. माझं चुकतंय का?’

आधी तिला शाबासकी! वेफर्सची पुडी बाजूला सारून काकडी उचलायला मन घट्ट लागतं. आणि दम लागतो हे तिने लपवलं नाही, याबद्दल आणखी एक शाबासकी. आता उत्तराकडे वळू या. तुम्हीही वाचा, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

कच्चं खाणं चांगलं, यात शंकाच नको. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, म्हणून पेरू, लिंबू, आवळा, कैरी तशीच खावी. शंभर ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असतं, म्हणजे संत्र्याच्या चौपट! शाळेबाहेरच्या हातगाडीवरचा पेरू काही साधासुधा नाही बरं का! (फक्त घरी नेऊन, धुऊन खा.) आपल्या आज्या ताटाच्या डाव्या बाजूला कोशिंबीर वाढायच्या, ती काही शोभेला नव्हे.

मग सगळंच कच्चं का नको? चला, थोडं गणित करू. शंभर ग्रॅम काकडीत असतात सुमारे १५ कॅलरी. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३३०. एवढ्या पिठाच्या दोन भाकऱ्या होतात. तेवढी शक्ती काकडीतून मिळवायची, तर दोन किलोंपेक्षा जास्त काकडी खावी लागेल! पोट भरेल, पण कबड्डीला लागणारी शक्ती कुठून येणार? आणि तुमचं वय तर वाढीचं.

शिवाय विस्तव हा अन्नाचा शत्रू नाही. गाजर शिजवलं, वर थोडी तेलाची फोडणी दिली, की त्यातलं कॅरोटीन शरीराला जास्त सहज घेता येतं. राजमा तर कच्चा कधीच खाऊ नका. त्यातल्या एका विषारी द्रव्यामुळे चार-पाच दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात. भिजवून, ते पाणी टाकून, चांगला उकळला की तोच राजमा पौष्टिक. मोड आणताना कडधान्य ओलं आणि उबदार राहतं, म्हणून त्यात जंतूही वाढतात. तेव्हा मटकीला एक वाफ द्यावी.

आता एक खरी गोष्ट सांगते. १९२९ साली, साठीच्या उंबरठ्यावर असताना, महात्मा गांधींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. मोड आलेले गहू, बदामाची चटणी, वाटलेली हिरवी पानं, लिंबू, मध, सगळं तोळ्यांत मोजून. ‘यंग इंडिया’ या साप्ताहिकात त्यांनी तो प्रयोग लोकांना कळवलाही. पण थोड्याच महिन्यांत पोट बिघडलं. मग त्यांनी काय केलं? हट्ट धरला? नाही. प्रयोग सोडला आणि सोडला हे उघड सांगितलं.

पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात ते सांगतात की काकडी, टोमॅटो अशा भाज्या नीट धुऊन थोड्या कच्च्या खाव्यात, पण शाकाहारी माणसाला ठणठणीत राहायचं तर दूध-दही हवंच, असा आपला अनुभव आहे.

का हवं, याचं एक मोठं कारण पुढे कळलं. ब-१२ हे जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं १९४८ साली, म्हणजे गांधीजी गेले त्याच वर्षी. ते रक्त तयार व्हायला आणि मज्जातंतूंना लागतं. ते दूध, दही, अंडी, मासे यांतून मिळतं. फळं-भाज्यांतून त्याची खात्री नाही. प्राण्यांवरच्या दयेपोटी दूधही न घेणारी माणसं आहेत. त्यांचा विचार आदराचाच, पण त्यांनाही ब-१२ गोळीतून किंवा ते मुद्दाम घातलेल्या पदार्थांतून घ्यावं लागतं. यकृतात त्याचा साठा असतो, त्यामुळे कमतरता कधी कधी काही वर्षांनी उघड होते. म्हणून ‘मला तर काही झालं नाही’ असं चटकन म्हणू नये.

तेव्हा माझ्या पत्रमैत्रिणी, एक काम आजच कर. आईला दम लागतो ते सांग आणि तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. रक्त तपासून कारण कळेल. अंदाजाने आपणच गोळ्या घेऊ नकोस. तुझी काकडी आणि फळं सोडू नकोस. फक्त त्यांच्या शेजारी भाकरी, वरण आणि दह्याची वाटी येऊ दे. गांधीजींना प्रयोग थांबवताना कमीपणा वाटला नाही, तुला कशाला वाटावा?

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. मूल ताटावरून उठलं की ‘नाटकं पुरे’ म्हणू नका. ‘हे कुठे ऐकलंस?’ असं शांतपणे विचारा. खाणं फार कमी झालं, वजन उतरू लागलं, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

आणि मुलांनो, या आठवड्याचा उद्योग: रोज एक कोशिंबीर स्वतः करायची. काकडी, गाजर, मुळा, बीट, कांदा, टोमॅटो. रोज वेगळी, पुन्हा तीच नाही! भाजी वाहत्या पाण्याखाली धुवा, किसताना बोटं सांभाळा. दाण्याचं कूट घाला, लिंबू पिळा. घरात कोणाला कुठली आवडली ते वहीत लिहा आणि मला कळवा.

तुमच्या
बाई