गोधडी-यंत्राची निवड

माळव्याची थंडी पडू लागताच आमच्या उज्जयिनीतील मराठी घरांत जुन्या लुगड्यांच्या घड्या बाहेर निघतात. गोधडी धावदोऱ्याने हातानेच शिवावी, ही जुनी रीत. आता काही सभासदांच्या लेकी-सुना या कामासाठी ‘लाँगआर्म’ यंत्र मागतात आणि वडील मंडळी तो निव्वळ हौसेचा खर्च म्हणून नाकारतात. हे आम्हांस उचित वाटत नाही. धान्य घेताना आपण आधी वानगी पाहतो. येथेही तोच न्याय लावावा.

साध्या घरगुती यंत्रात सुई व खांब यांमध्ये सुमारे ६ ते ९ इंच मोकळी जागा असते. जाड गोधडी गुंडाळून त्यातून सरकवताना हात भरून येतात. लाँगआर्ममध्ये ही जागा १८ इंच वा अधिक असते. कापड चौकटीवर ताणलेले राहते व यंत्रच रुळांवरून फिरते. मात्र मोठ्या गोधडीची चौकट १० ते १२ फूट लांब असते. म्हणून किंमत विचारण्याआधी खोली मोजावी. दुरुस्ती करणारा व सुटे भाग जवळ मिळतात काय, ते पाहावे. आणि जिला शिवायचे आहे तिनेच यंत्र चालवून पाहावे.

वर्षाला दोन-चार गोधड्या शिवणाऱ्या घरास साधे यंत्र पुरे. परंतु जेथे बाहेरचे काम नियमित येते, तेथे हा खर्च भांडवल समजावा आणि त्याचे खाते शिवणारीच्याच नावे उघडावे, अशी आमची सभासद बंधूंस नम्र सूचना आहे.